रामबाण

लक्षणा शिकवताना 'रामबाण औषध' हे उदाहरण मी वर्गात अनेक वर्षे देत आले. वाच्यार्थ मागे पडतो, 'अचूक' एवढाच लक्ष्यार्थ उरतो, असे सांगून पुढे जात असे. ताईचा अंडाशयाचा कर्करोग पुन्हा उलटला आणि हे उदाहरण माझ्याच घरी आले.

"हे औषध नॅनोकणांतून थेट गाठीवर जाते," डॉक्टर म्हणाले. सलाइनमधून लालसर द्रव उतरत होता. डॉक्सोरुबिसिन हे जुनेच औषध. ते कर्कपेशी मारते, पण हृदयालाही इजा करते. म्हणून ते सुमारे १०० नॅनोमीटरच्या स्निग्ध पिशवीत, म्हणजे लिपोसोममध्ये, भरतात. अमेरिकेत १९९५ साली 'डॉक्सिल' या नावाने त्याला मान्यता मिळाली. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईने वाढलेल्या आणि गळक्या असतात. मोठे रेणू तिथून झिरपतात व अडकून राहतात, हे मात्सुमुरा आणि माएदा या जपानी संशोधकांनी १९८६ साली दाखवले होते.

म्हणजे हा बाण नेम धरत नाही. तो रक्ताबरोबर वाहतो आणि फट सापडेल तिथे शिरतो. २०१६ साली कॅनडातील संशोधकांनी आधीच्या दहा वर्षांतील प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र तपासले. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचलेल्यांचे मध्यक प्रमाण होते अवघे ०.७ टक्के.

पॉल एर्लिख यांनी अशा औषधाच्या कल्पनेला 'जादूची गोळी' म्हटले होते. वेबरच्या १८२१ च्या 'डेर फ्रायशुट्झ' या जर्मन संगीतिकेतही जादूच्या गोळ्या आहेत. सहा शिकाऱ्याच्या मनासारख्या लागतात, सातवी सैतानाच्या मर्जीची असते.

तिसऱ्या खेपेनंतर ताईचे तळहात लाल झाले, सोलू लागले. "थेट गाठीवर जाते ना गं? मग हात का सोलतात?" तिने विचारले. हे कण तळहात-तळपायांच्या त्वचेतही झिरपतात, हे मी वाचले होते. हृदयावरचा भार हलका होतो, त्यातला थोडा हातांवर येतो. पण तिला हे सांगायला मला शब्द सापडेनात. आजवर इतरांना शब्दार्थच शिकवत आले होते.

'रामबाण' हे उदाहरण मी आजही देते. फक्त वाच्यार्थ आता इतक्या सहज मागे सारत नाही. अचूकपणाची आशा खोटी नव्हती, तिला दिलेले नाव तेवढे मोठे होते. ताईचे हृदय शाबूत आहे. चहाचा कप मात्र ती पदराच्या घडीत धरून पिते.