टी.व्ही.ची नवी झूल

मोखाड्याहून खोडाळ्याकडे जाताना डाव्या हाताला उतरून अर्धा तास चालले की एक पाडा लागतो. वीस-बावीस घरे, खालच्या अंगाला भाताची खाचरे, वरच्या उतारावर नागली आणि वरई. पंचायत समितीत विस्तार अधिकारी (कृषी) म्हणून जव्हार-मोखाड्याच्या या भागात माझी नऊ वर्षे गेली. त्या पाड्यावर गेलो की शेवटच्या घरी कोरा चहा घेतल्याशिवाय परतायचे नाही, असा माझा शिरस्ता आहे. घरात म्हातारबाबा आणि आजी. मुलगा-सून दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात, नातू नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात कामाला आहे.

या घरात टी.व्ही. होता तो जुना, फुगीर पाठीचा. छपरावर फ्री डिशची छत्री आणि खाली तिचा काळा डबा. दूरदर्शनची ही सोय 2004 च्या डिसेंबरात सुरू झाली. तिला महिन्याचे भाडे नाही, म्हणून आमच्या पाड्यापाड्यांवर तिचा मोठा आधार आहे. बाबांना अक्षर येत नाही. बाजारामुळे आकडे मात्र चांगले येतात. रिमोटचे लाल बटन दाबायचे आणि मग सह्याद्री वाहिनीचा आकडा दाबायचा, एवढी त्यांची विद्या. तीही अंधारात चाले. वाचकहो, तुमच्या घरचा रिमोट हातात घेऊन पाहा. मधल्या पाचच्या बटनावर बहुधा एक बारीक उंचवटा सापडेल. बाबांचा अंगठा त्या उंचवट्यावर टेकला की बाकीचे आकडे त्यांना न पाहता सापडत. संध्याकाळच्या बातम्या आणि हवामान ऐकून ते जेवायला बसत.

गेल्या दसऱ्याला नातवाने आजा-आजीसाठी नवा मोठा टी.व्ही. आणला. स्मार्ट टी.व्ही. म्हणतात तो. त्या दिवशी योगायोगाने मी तिथे होतो. नातवाला संध्याकाळची एस.टी. गाठायची होती, म्हणून पुढची जोडणी मीच केली. उत्साहाच्या भरात डबा काढला आणि माळ्यावर ठेवून दिला. “बाबा, आता याची गरज नाही. सगळे आतच आहे,” असे वर सांगितले. पडद्यावर चित्रांच्या रांगा उजळल्या. एकेक चित्र म्हणजे एकेक कार्यक्रम. पोरे जमली, आजी हरखली. माझ्या मोबाइलच्या इंटरनेटवर मी सह्याद्री लावून दाखवली आणि उठलो. माझा मोबाइल माझ्याबरोबर निघून जाणार, ही साधी गोष्ट बी.एस्सी. ॲग्रीकल्चर झालेल्या माणसाच्या ध्यानात आली नाही.

2025 च्या ऑक्टोबरअखेरीस अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र झाले आणि कोकणात ऐन कापणीत पाऊस आला. इशारे आधी निघाले होते, बातम्यांत सांगितलेही होते. ज्या घरांनी ऐकले त्यांनी कापून पसरलेले भात भारे बांधून पडवीत ओढले, कोणी कापणीच थांबवली. बाबांनी त्याच दोन दिवसांत सगळे कापून खाचरात वाळत टाकले होते. मी चार दिवसांनी पंचनाम्याच्या कामाने पोहोचलो तेव्हा लोंब्यांना कोंब फुटलेले होते आणि पेंढा काळा पडला होता. दीड-दोन क्विंटल तरी गेले असेल. दोन माणसांच्या घरात तो काही महिन्यांचा तांदूळ होतो.

मी विचारले, “बाबा, बातम्या नाही का पाहिल्या?”

ते म्हणाले, “चित्रं बेस हायेत, साहेब. पण वाट नाय गवसत.”

लाल बटन दाबले की चित्रांच्या रांगा येत. आकड्यांची बटने नव्या रिमोटवर नव्हतीच. बाण दाबून दाबून एका चित्रावर जावे, तर इंटरनेट नाही अशी इंग्रजी पाटी येई. दुसऱ्या दिवशी त्या रांगाही बदललेल्या असत. चारपाच दिवस खटपट करून त्यांनी टी.व्ही.वर फडके टाकले होते. तक्रारीचा एक शब्द काढला नाही, आणि तेच मला जास्त लागले. भात भिजले ते पावसाने, हे खरे. पण बाबांची ऐकण्याची सोय माळ्यावर गेली ती माझ्या हाताने.

त्या रात्री जव्हारला खोलीवर आल्यावर मुलीचा फोन आला. ती पुण्याला मोबाइलच्या पडद्यांची मांडणी करण्याचे काम करते. मी हकीगत सांगितली तर ती म्हणाली, “बाबा, पण तुमच्या त्या डब्याचा मेन्यू पाहिलात का कधी? करडा रंग, मुंगीएवढी अक्षरे. तो बदलायलाच हवा.” यावर आमची बरीच वादावादी झाली. घरातल्या टी.व्ही.च्या पडद्याला नवे आधुनिक रूप हवे की नको, या प्रश्नाचे उत्तर मी तोवर कधी शोधले नव्हते. खरे म्हणजे असा काही प्रश्न असतो हेच ठाऊक नव्हते.

मुलीचे अर्धे म्हणणे मला पटले. जुन्या डब्याची भलामण मी करणार नाही. फ्री डिशवरच्या खाजगी वाहिन्यांच्या जागांचा लिलाव होतो आणि साधारण दर 1 एप्रिलला वाहिन्यांची मांडणी बदलते. मग काही वाहिन्या दिसेनाशा होतात. डबा बिघडला असे समजून लोक मेकॅनिकला बोलावतात. तो दोनतीन बटने दाबतो आणि शेदीडशे रुपये घेऊन जातो. वास्तविक डब्याच्या मेन्यूत जाऊन ‘ऑटो स्कॅन’ किंवा ‘ऑटो सर्च’ असे लिहिलेले असते ते दाबले की डबा नव्या यादीप्रमाणे वाहिन्या पुन्हा शोधून घेतो. मात्र त्याच्याच शेजारी सगळे पुसून टाकणारी ओळ असते, आणि आमच्याकडच्या बहुतेक डब्यांत हे सारे इंग्रजीत. मोखाड्याच्या म्हाताऱ्या माणसाने ते वाचायचे कसे? तेव्हा बदल हवा. कोणता, एवढाच प्रश्न आहे.

यावर मला भाताच्या लावणीची दोरी आठवली. डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री भातशेती कोकणात पुष्कळांना माहीत आहे. तिच्यात रोपे 15 आणि 25 सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर लावतात आणि 15 सेंटिमीटरच्या चौकोनातल्या चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची एक ब्रिकेट खोचतात. अंतर चुकू नये म्हणून खुणा केलेली दोरी वापरायची. एका वर्षी आम्ही हौसेने दोऱ्यांवर लाल-पिवळ्या रंगाच्या खुणा करून नेल्या. कार्यालयात दोरी फार सुरेख दिसत होती. खाचरात दोरी चिखलात बुडाली आणि रंग दिसेना. पावसात वाकून लावणी करणाऱ्या बायांनी दुपारच्या आत लुगड्याच्या चिंध्या फाडून खुणेखुणेवर बांधल्या. चिंधी हाताला लागली की रोप खोचायचे. वर मान करून पाहायला नको. पुढच्या वर्षी आम्ही मुकाट्याने चिंध्यांच्याच दोऱ्या नेल्या. अंतर आमचे राहिले, खूण त्यांची झाली.

माझे गाव सिन्नर तालुक्यातले. लहानपणी घरी मर्फीचा रेडिओ होता. वडिलांनी त्याच्या काचेवर मुंबई केंद्राच्या जागी कुंकवाचा टिपका लावलेला होता. काटा टिपक्याखाली आणला की शेतीचा कार्यक्रम लागे. आई रेडिओची नवी निळी झालर शिवी, दर दिवाळीला झालर बदले. टिपका कधी हलला नाही.

त्याही आधी, 1956 साली, आकाशवाणीच्या पुणे केंद्राने तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावांत रेडिओ ग्रामसभांचा प्रयोग केला होता. आठवड्यातून दोनदा गावकऱ्यांनी एकत्र बसायचे, अर्धा तास ऐकायचे आणि मग त्यावर बोलायचे. आमच्या विस्तार शिक्षणाच्या तासाला हा प्रयोग शिकवीत. तेव्हा त्याची एक बाजू माझ्या लक्षात आली नव्हती. रेडिओ लावणारा एक असे, बाकीच्यांना यंत्राशी झगडावे लागत नसे. त्यांचे सगळे ध्यान ऐकण्यात आणि बोलण्यात राही. 1972 साली मुंबई दूरदर्शन सुरू झाले, त्यानंतर कित्येक वर्षे एकच वाहिनी होती, तेव्हाही निवडायचे काही नसल्याने वाट चुकण्याचा प्रश्न नव्हता. आज फ्री डिशवरच शंभरावर वाहिन्या आहेत. निवडायचे तर यादी हवी, यादी आली की मांडणी आली. जुन्या काळाचे गोडवे गाऊन ही अडचण सुटत नाही.

मुलीला मी एवढेच सांगितले. अक्षरे मोठी करा, मराठी करा, पुसून टाकणारी ओळ लांब ठेवा आणि ती दाबण्याआधी दोनदा विचारा. रंग हवे ते द्या, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण जो आकडा माणसाच्या बोटाला पाठ झाला आहे तो काढू नका, आणि रोज उघडायची गोष्ट रोज त्याच जागी असू द्या. ती म्हणाली, रांगा मुद्दाम बदलतात, माणसाने नवे काहीतरी पाहावे म्हणून. म्हणजे पडदा पाहणाऱ्यासाठी मांडलेला नसून दाखवणाऱ्यासाठी मांडलेला आहे, असे मी म्हणालो. त्यावर ती थोडा वेळ गप्प झाली. मग तिनेच मला दुरुस्तीचा मार्ग सांगितला.

पुढच्या रविवारी मी पाड्यावर गेलो. माळ्यावरून डबा उतरवला. नव्या टी.व्ही.ला मागे जुन्या तारांची सोय होती. पिवळी तार चित्राची, लाल-पांढरी आवाजाची, रंगाला रंग जोडला की काम झाले. टी.व्ही. सुरू होताच चित्रांच्या रांगांऐवजी थेट डब्यावर यावा, अशी एक सोय सेटिंगमध्ये निघाली. पुष्कळ संचांत ती असते, शोधावी लागते. टी.व्ही.चा रिमोट निराळा कळावा म्हणून आजीने त्याला लाल दोरा गुंडाळला. पाचच्या बटनावरचा उंचवटा झिजलेला होता, तिथे मी डिंकाचा एक थेंब वाळवून दिला. ऑटो स्कॅन कसे करायचे ते शेजारच्या सातवीतल्या मुलीला दोनदा करून दाखवले आणि तिच्याकडून एकदा करून घेतले. बाबांनी लाल बटन दाबले, आकडा दाबला आणि सह्याद्री लागली. भाताबद्दल ते काही बोलले नाहीत. मीही विषय काढू शकलो नाही.

शिमग्याला नातू आला तेव्हा माझी पुन्हा तिथे गाठ पडली. तो जरा नाराज होता. “साहेब, एवढा नवा टी.व्ही. आणला आणि तुम्ही त्याला पुन्हा जुना करून टाकलात,” असे म्हणाला. बाबा पडवीत टोपली विणत बसले होते. मान वर न करता ते म्हणाले, “तू हायेस तवर चित्रं लाव. जाशील तवा माझा आकडा लावून जा.”