पत्रास कारण, एक बेसबॉल कार्ड

एडिसन, न्यू जर्सी

चि. बाळ यास,


पत्रास कारण की, तू सगळी कार्डं एकगठ्ठा विकून या छंदातून मोकळा होणार असल्याचं ताईने फोनवर सांगितलं. मागोमाग तुझा तो लांबलचक मेसेजही आला. ज्याच्याशी अदलाबदल ठरली त्याला तू तुझं कार्ड पाठवलंस, त्याने त्याचं पाठवलं नाही आणि आता तो उत्तरही देत नाही. विकायला काढलेल्या कार्डाला लोक निम्म्याहून कमी भाव सांगतात, तू 'बरं' म्हटलंस की गायब होतात. शिवाय खेळाबद्दल कुणी बोलतच नाही, सगळे पैशाचंच बोलतात, असं तुझं म्हणणं. हे फोनवर नीट बोलून होणार नाही, म्हणून लिहायला बसलो.

तुझा राग रास्त आहे, हे आधी सांगतो. कबूल करून, दुसऱ्याचं कार्ड घरी आल्यावर गप्प बसणारा माणूस चोर असतो. कार्ड वीस डॉलरचं होतं म्हणून ती चोरी लहान होत नाही. 'एवढ्याशासाठी काय मनाला लावून घेतोस' असं तुझे रूममेट म्हणाले. त्यांचं मी ऐकणार नाही, तूही ऐकू नकोस. फक्त एका गोष्टीचा विचार कर. ज्याचा चेहरा कधी पाहिला नाही अशा माणसाच्या शब्दावर तू कार्ड पाकिटात घालून टपालात टाकलंस. तुला असं करावंसं वाटलं, याचं कारण या छंदात हे शंभर वर्षांच्या आसपास चालत आलं आहे, आणि बहुतेक वेळा दुसऱ्या बाजूनेही पाकीट येतंच.

जेफरसन बर्डिक हे नाव तू ऐकलं नसशील, म्हणून जरा सविस्तर लिहितो. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज गावी विजेच्या सामानाच्या कारखान्यात काम करणारा हा माणूस. लग्न केलं नाही. संधिवाताने हात-बोटं वाकून गेलेली. सिगारेटच्या नि च्युइंगगमच्या पुड्यांतून निघणारी चित्रं, पोस्टकार्डं, जाहिरातींची कार्डं, असं जे छापील नि चिमुकलं ते सगळं तो जमवायचा. तेव्हा कार्डांची दुकानं नव्हती, मेळावे नव्हते. देशभर विखुरलेले मोजके संग्राहक एकमेकांना पत्रं लिहून देवघेव करत. पण एकाच संचाला सिरॅक्यूजचा माणूस एका नावाने ओळखायचा आणि शिकागोचा दुसऱ्या. मग मागितलं एक नि आलं भलतंच, असं व्हायचं. बर्डिकने सगळ्या संचांची सूची करून 1939 मध्ये ती छापली. पुढे तीच 'अमेरिकन कार्ड कॅटलॉग' म्हणून ओळखली गेली. प्रत्येक संचाला त्याने एक अक्षर आणि एक आकडा दिला. बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं जे कार्ड आज लाखो डॉलरना जातं, त्याच्या संचाला आपण 'टी 206' म्हणतो. हे नाव बर्डिकने दिलेलं, 'टी' म्हणजे विसाव्या शतकातली तंबाखूची कार्डं. आजवर कुणी ते बदललेलं नाही.

1947 पासून त्याने आपला संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला द्यायला सुरुवात केली. सगळे मिळून तीन लाखांहून जास्त नग, त्यांत तीस हजारांहून जास्त बेसबॉल कार्डं. अखेरची वर्षं तो म्युझियममध्ये बसून त्या दुखऱ्या हातांनी एकेक कार्ड अल्बममध्ये लावत होता. जानेवारी 1963 मध्ये काम पुरं केलं आणि मार्चमध्ये गेला. पैशाच्या गोष्टी ऐकून तुला उबग येतो ना, तेव्हा हा माणूस आठवत जा. दोन परक्या माणसांना पत्रातून एकमेकांशी नेमकं बोलता यावं, म्हणून तो राबला. आपला छंद त्या कामावर उभा आहे.

त्या पत्रव्यवहारातूनच आपल्या रीती घडल्या. कुठल्या पुस्तकात त्या एकत्र लिहिलेल्या नाहीत, पण जुन्या माणसांच्या अंगवळणी पडलेल्या आहेत. कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो द्यायचे. कोपऱ्यावर घडीची बारीक रेघ असेल तर समोरच्याने विचारायच्या आधी सांगायची. एकाशी बोलणं चालू असताना तेच कार्ड दुसऱ्याला देऊ करायचं नाही. ठरल्यावर भाव हलवायचा नाही. पाकीट मिळालं की त्याच दिवशी पोच द्यायची. कार्ड आधी मऊ पेनी स्लीव्हमध्ये, मग कडक टॉपलोडरमध्ये, आणि टॉपलोडरचं तोंड बंद करायला रंगारी वापरतात ती निळी पट्टी, एक टोक दुमडून, म्हणजे उघडणाऱ्याला ती नखाने सहज ओढता येते. साधी पारदर्शक चिकटपट्टी लावली तर ती निघता निघत नाही, डिंक राहतो, आणि ओढाताणीत कार्डाचा कोपरा जातो. मी तर पाकीट उघडतानाच पाठवणारा कसा आहे ते ओळखतो. दुमडलेलं ते अर्ध्या इंचाचं टोक दिसलं की कळतं, या माणसाने माझ्या हातांचा विचार केला आहे.

आता तुझा प्रसंग. ज्याचा या वर्तुळात कमी परिचय आहे त्याने आधी पाठवायचं, अशी रीत आहे आणि तू ती पाळलीस. रीत मला मान्य आहे, कारण कुणीतरी आधी पाठवल्याशिवाय अदलाबदल सुरूच होत नाही. पण तिच्यात धोका नेहमी नवख्याच्या वाट्याला येतो, म्हणून जुन्यावरची जबाबदारी दुप्पट होते. नवख्याला लुबाडणारा जुना माणूस एका कार्डापुरता गुन्हेगार राहत नाही. पुढच्या दहा जणांना आधी पाठवायला भीती वाटेल अशी तो व्यवस्था करतो. अशाला माझ्याकडे क्षमा नाही. ज्या मंडळींमध्ये तुमची ओळख झाली, तिथल्या जुन्या लोकांना सगळा पत्रव्यवहार दाखव. शिवीगाळ न करता, तारखांसकट.

विश्वास मोडला की काय होतं, त्याची मोठी गोष्ट त्या वॅग्नरच्याच एका कार्डाची आहे. 1991 मध्ये हॉकीपटू वेन ग्रेट्स्कीने भागीदारीत ते 4 लाख 51 हजार डॉलरना घेतलं. त्याच वर्षी सुरू झालेल्या पीएसए या कंपनीने प्रमाणपत्र देऊन प्लॅस्टिकच्या पेटीत बंद केलेलं ते पहिलं कार्ड. दहापैकी आठ गुण. 2007 मध्ये ते 28 लाख डॉलरना गेलं. कडा इतक्या सरळ कशा, अशी कुजबुज वर्षानुवर्षं चालू होती. अखेर 2013 मध्ये बिल मास्ट्रो या लिलाववाल्याने गुन्हा कबूल करताना मान्य केलं की, कार्ड आपल्याकडे असताना आपणच त्याच्या कडा कापल्या होत्या. लिलावांत खोट्या बोली लावून भाव चढवल्याचीही कबुली त्याने दिली. 2015 मध्ये त्याला वीस महिन्यांची शिक्षा झाली. म्हणजे खरेपणाची खूण म्हणून जी पेटी आली, तिच्यातलं पहिलंच कार्ड कापलेलं निघालं. सह्यांच्या बाजारातही हेच. 1990 च्या दशकात एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन' नावाची मोहीम चालवली, तेव्हा सापडलेल्या बनावट मालात मदर तेरेसांची सही असलेला बेसबॉलसुद्धा होता.

कार्डाला असे गुण देण्याला, म्हणजे ग्रेडिंगला, माझा विरोध नाही. महागडं कार्ड घेताना ती पेटी हवीच, नाहीतर मायकेल जॉर्डनच्या 1986 च्या फ्लीअर कार्डाची नक्कल गळ्यात पडायला वेळ लागत नाही. पण पेटी फक्त कार्डाबद्दल बोलते. विकणारा माणूस ठरल्या दिवशी पाठवेल का, पुठ्ठा घालून पाठवेल का, टपालात काही बिघडलं तर तुझा फोन उचलेल का, हे तिच्यावरच्या आकड्यात लिहिलेलं नसतं.

पैशाबद्दल तू लिहितोस त्यात तथ्य आहे, आणि मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. कोविडच्या काळात लोक घरी बसले, हाती पैसा होता, आणि कार्डांचे भाव आभाळाला भिडले. मार्च 2021 मध्ये पीएसएला बहुतेक सेवा बंद ठेवाव्या लागल्या. आधीच्या तीन महिन्यांत आली नव्हती इतकी कार्डं तीन दिवसांत आली, असं कंपनीनेच सांगितलं. मे महिन्यात विस्कॉन्सिनमधल्या ब्रुकफील्ड इथे टार्गेट दुकानाच्या पार्किंगमध्ये कार्डांवरून मारामारी झाली, पिस्तूल निघालं, आणि टार्गेटने काही काळ दुकानांतून कार्डं विकणंच थांबवलं. मुलांनी खाऊच्या पैशांतून घ्यायची ती पाकिटं! जॉर्डनचं ते दहापैकी दहा गुणांचं कार्ड जानेवारी 2021 मध्ये 7 लाख 38 हजार डॉलरना गेलं, आणि पुढे निम्म्याच्याही खाली आलं. भावासाठी आलेले बरेच जण भावाबरोबर निघूनही गेले. जे उरले त्यांच्याशी तुझी अजून पुरती ओळख व्हायची आहे.

भाव पाडून मागणाऱ्यांचं म्हणशील तर, कमी भाव सांगणं हा गुन्हा नाही, घासाघीस आपल्या मंडईतही चालते. पण 'हो' म्हणवून घेऊन नाहीसं होणं हा समोरच्याचा अपमान आहे. अशांना एकदाच सभ्य उत्तर द्यावं नि पुढे जावं. तुला घ्यायचं नसेल तेव्हा मात्र स्पष्ट 'नको' कळवत जा. नकार कुणाला फार लागत नाही, वाट पाहायला लावलेलं लागतं. वाट पाहायला लावण्यात कार्डांच्या कंपन्याही मागे नाहीत. विकत घेतलेल्या पाकिटात सहीच्या कार्डाऐवजी 'सही झाली की पाठवू' असा कागद निघतो. खेळाडू सही करत नाही, महिने उलटतात, आणि शेवटी भलत्याच कुणाचं तरी कार्ड हाती येतं. माझ्या मते हे विकणंच चूक आहे. जे तयार नाही ते पाकिटात आहे असं सांगू नये.

व्यवहाराची एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. कुणी म्हणालं, 'पेपालवर फ्रेंड्स अँड फॅमिलीने पाठव, फी वाचेल,' तर ओळख मुरल्याशिवाय पाठवू नकोस. त्या वाटेने गेलेल्या पैशाला खरेदीदाराचं संरक्षण मिळत नाही. असं सांगितल्यावर जो चिडतो, त्याच्याशी व्यवहारच नको.

विश्वासाचंच सांगायचं तर, 1987 च्या वर्ल्ड कपच्या वेळी भारतात आमच्याकडे बिग फन बबलगमसोबत क्रिकेटपटूंची चित्रं मिळायची. त्यांवर धावा आणि विकेट छापलेल्या असत, त्या जमवून फ्लिपबुक मिळवायची. ताईला विचार, गॅलरीत बसून आमचे काय सौदे चालत ते. तिथे फसवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच गॅलरीतून जावं लागे, म्हणून सगळे सरळ वागत. इथे तसं काही नाही. फसवणारा आरामात नाहीसा होऊ शकतो, तरीही बहुसंख्य लोक पाकीट पाठवतात, पोच देतात, एखादं जास्तीचं कार्ड 'तुझ्या आवडत्या संघाचं दिसलं म्हणून' आत घालतात. कुणी बघत नसताना माणसं अशी वागतात, म्हणून मी इतकी वर्षं यात टिकून आहे आणि तू टिकावंस असं मला मनापासून वाटतं.

कार्डं विकायची असतील तर वीक, ती तुझी आहेत. पण रागाच्या भरात एकगठ्ठा विकलीस तर तोच पाडून मागणारा माणूस ती नेईल. निदान थँक्सगिव्हिंगपर्यंत थांब. तेव्हा इकडे ये, आपण मेट्रोपॉलिटनमध्ये जाऊन बर्डिकची कार्डं पाहू.

आणि एक. केंटकीतल्या निवृत्त शिक्षकांनी तुझ्यासाठी जॉनी बेंचचं कार्ड पाठवलं, ते गेल्या आठवड्यात आलं, पण 'मूड नव्हता म्हणून' तू त्यांना अजून काही कळवलं नाहीस, असं तुझ्याच मेसेजात आहे. ते गृहस्थ आठवडाभर टपालाची काळजी करत असतील. हे पत्र वाचून झालं की आधी त्यांना पोच दे, आभार मान, आणि तुझं कार्ड उद्याच टपालात टाक. निळी पट्टी लावून.

तुझा,
मामा