बारा भांडी, एक थर्मामीटर

संपादकांनी फोनवर बजावलं, “ताई, समीकरणं नकोत. चकली खाताखाता वाचता आलं पाहिजे.” प्रयत्न करते.

आमचा धंदा अर्क काढण्याचा. हळद असो की शेतातली माती, हवा तो रेणू आधी बाहेर काढायचा, मग मोजायचा. मोजणाऱ्या यंत्रांचं सगळ्यांना कौतुक. चूक मात्र बहुतेक वेळा त्याआधीच होऊन गेलेली असते. १८७९ साली फ्रांत्स फॉन सॉक्सलेट यांनी दुधातली चरबी मोजायला काचेचं उपकरण केलं, त्यावर आम्ही शतकभर जगलो. मातीतली प्रदूषकं काढायची तर १६ ते २४ तास टपटप, ३०० मिली सॉल्व्हंट. माझं तारुण्य त्या टपटपीत गेलं. मग १९८६ मध्ये हंगेरीच्या कातालिन गान्झ्लर आणि सहकाऱ्यांनी मायक्रोवेव्हनं अर्क काढून दाखवला. आज बंद भांड्यात तेच काम १० ते २० मिनिटांत, ३० मिलीत उरकतं. (घरच्या ओव्हनमध्ये हे करू नका. ॲसिटोनची वाफ आणि एक ठिणगी, संपलं.)

“पण मॅडम, ते रेडिएशन...” हे ऐकून आता कान किटलेत. मायक्रोवेव्हच्या एका फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या साधारण एक लाखांश. रासायनिक बंध तोडायला काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. तुमच्या गच्चीवरच्या पापडांवर पडणाऱ्या प्रकाशाचा फोटॉन याच्या लाखोपट दांडगा असतो. त्याला कोणी घाबरत नाही.

आमच्यातलेही काहीजण कमी नाहीत. ‘मायक्रोवेव्हचा खास परिणाम’ म्हणून एक भूत वर्षानुवर्षं परिषदांमधून फिरलं: म्हणे उष्णतेपलीकडचं काहीतरी त्या लहरी करतात. ग्राझच्या ऑलिव्हर काप्पे यांनी सिलिकॉन कार्बाइडची भांडी वापरली. या भांड्यांच्या भिंती लहरी शोषून तापतात, आतल्या द्रावाला लहर जवळपास लागतच नाही. तापमान तेच ठेवलं, तर अभिक्रियाही बहुतेक तशीच झाली. मान्य, हे प्रयोग अभिक्रियांचे होते, अर्काचे नव्हेत. ओल्या पानाच्या पेशीतलं पाणी आतून तापून पेशी फुटते, हे मीही मानते. पण तीही उष्णताच ना? तापमान कळलं की जवळपास सगळं कळलं, असं मी तावातावानं सांगत आले.

आणि तिथंच मी फसले. यंत्रात बारा भांडी फिरतात, तापमान मोजणारी सळई एकातच. बाकीच्यांत तेवढंच असेल, हे आपण धरून चालतो. पाणी लहरी भरभरून घेतं, ॲसिटोन बेताचं, हेक्झेन जवळपास नाहीच. गेल्या हंगामात सळईच्या भांड्यात ओली हळद होती, शेजारी सांगलीच्या एका व्यापाऱ्याची खडखडीत वाळलेली पूड. दोन्ही ॲसिटोनमध्ये. पडद्यावर आकडा बिनचूक दिसत होता, पूड मात्र मागे राहिली होती. कर्क्युमिन २ टक्के निघालं, मी सही केली.

“मॅडम, दुसऱ्या लॅबनं ३ दिलंय.” मी त्या व्यापाऱ्यालाच सॅम्पलिंगवर व्याख्यान दिलं. आठवड्यानं सगळी भांडी एकाच मालाची ठेवून पुन्हा केलं: ३.१. दुरुस्त अहवाल पाठवला. तो म्हणाला, “आता काय, माल गेला पडत्या भावानं.”

परवा नव्या मुलानं बारा भांडी भरली, तशी मी सगळी उघडायला लावली. बाईंचं वय झालं, असं तो बाहेर म्हणाल्याचं कानावर आलं. सहा भांड्यांत ओला माल होता.