ल शांबोंच्या वर्गमित्रांचं पत्र

सेंत-एत्येनहून निघालेली बस पाइनच्या रानातून घाट चढत पठारावर येते. उंची हजार मीटरच्या आसपास. ल शांबों-स्युर-लिन्यों हे दगडी भिंतींचं फ्रेंच गाव उन्हाळ्यात हिरवंगार असतं. हिवाळ्यात बर्फ वाटा बुजवून टाकतो.

इथले प्रोटेस्टंट म्हणजे ह्युगनॉंचे वंशज. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने त्यांचा धर्म बेकायदा ठरवला आणि पुढची शंभर वर्षं त्यांनी रानावनात लपून प्रार्थना केल्या. ती आठवण घरोघर जिवंत होती. म्हणूनच १९४१ पासून गुर्स, रिवसाल्तच्या नजरकैदेच्या छावण्यांतून सोडवलेली ज्यू मुलं इथे येऊ लागली, तेव्हा दारं उघडली गेली. गावचे पाद्री आंद्रे ट्रोक्मे आणि त्यांची पत्नी माग्दा यांच्याविषयी पुष्कळ लिहिलं गेलंय. मला इथे ओढून आणलं ते मुलांनी. ही परकी पोरं गावातल्या पोरांच्या शेजारी बाकावर बसली, त्यांच्याबरोबर स्काउटमध्ये गेली, आणि वर्षभरात सोबती होऊन गेली.

जुलै १९४२ मध्ये पॅरिसच्या पोलिसांनी दोन दिवसांत तेरा हजारांवर ज्यूंना पकडलं. त्यांत चार हजारांवर मुलं होती. पुढच्याच महिन्यात जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारच्या युवक खात्याचे प्रमुख लामिरां गावात आले. तेव्हा गावातल्या सेवनोल शाळेच्या थोरल्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या हाती एक पत्र ठेवलं. आमच्यात ज्यू आहेत, आम्ही भेद मानत नाही, त्यांना न्यायचा हुकूम आला तर ते तो मोडतील आणि आम्ही त्यांना लपवू, असा त्याचा आशय. लपवणारा माणूस गुपचूप लपवतो. या पोरांनी सरकारला आधीच तोंडावर सांगून टाकलं! चर्चसमोरच्या स्मृतिसंग्रहालयात फिरताना मला राहून राहून त्या वयाचं नवल वाटत होतं.

थोड्याच दिवसांत ज्यूंना न्यायला पोलीस बस घेऊन आले. मुलं रानात, दूरच्या शेतघरांत पांगली. गावाने तोंड उघडलं नाही.

सगळेच वाचले असं मात्र नाही. गावाबाहेरच्या मेझों दे रोश या विद्यार्थी वसतिगृहावर २९ जून १९४३ रोजी जर्मन पोलिसांची धाड पडली. तिथला तरुण प्रमुख, पाद्री ट्रोक्मेंचा नातेवाईक दानिएल ट्रोक्मे, धाडीच्या वेळी दुसऱ्या वसतिगृहात, लहान मुलांजवळ होता. त्याला पळून जाता आलं असतं. तो आपल्या विद्यार्थ्यांकडे गेला, त्यांच्यासोबतच पकडला गेला आणि एप्रिल १९४४ मध्ये मायदानेकच्या छावणीत मरण पावला. तेव्हा तो तिशीतच होता.