भाचीचा अभ्यास

मेंदू आणि वर्तन यांचा संबंध शोधणाऱ्या शास्त्रात पीएच.डी. करण्याचे आमच्या भाचीने ठरविले, तेव्हा घरात पहिला प्रश्न निघाला तो असा, की हे संपणार कधी? पाच वर्षे तर खरीच, सहाही लागतात. शेजारी म्हणाले, उंदीरच पाहायचे तर आमच्या कोठीत फुकट आहेत!

पैशाची चिंता मात्र फारशी नव्हती. केंद्र सरकारची संशोधनवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी ४२,००० होते. त्यासाठीची कठीण परीक्षा ती उत्तीर्ण झाली होती.

हाच विषय का, हे आम्हांस ठाऊक होते. २०१९ च्या ऑगस्टात बेळगाव जिल्ह्यात पूर आला, तेव्हा आमच्या बहिणीने दोन रात्री माळ्यावर काढल्या. पाणी ओसरले, घर सावरले. परंतु पत्र्यावर पाऊस वाजू लागला की ती अजून उठून बसते.

भाचीने बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील एक प्रयोग आम्हांस समजावून दिला. सुमंत्र चटर्जी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००२ साली प्रसिद्ध केला. उंदरांना रोज दोन तास, असे दहा दिवस, हलता येणार नाही असे जखडून ठेवले. त्यानंतर स्मृतीशी संबंध असलेल्या हिप्पोकॅम्पसमधील पेशींच्या फांद्या आखडलेल्या आढळल्या. भीतीशी निगडित अशा अमिग्डलातील फांद्या उलट वाढल्या होत्या. पुढे २००४ साली दिसले, की २१ दिवस मोकळे ठेविल्यावर पहिले नुकसान भरून येते, दुसरी वाढ मात्र तशीच राहते. भीती मोजण्याचे साधन मोठे साधे आहे. क्रुसाच्या आकाराची उंच मांडणी, तिच्या दोन बाजूंना भिंती, दोन उघड्या. भ्यालेला उंदीर भिंती सोडीत नाही.

पेशी पाहावयाच्या तर उंदीर मारावा लागतो, हेही तिने लपविले नाही. त्यास संस्थेच्या समितीची परवानगी लागते म्हणे. बहिणीला ते रुचले नाही, आम्हांसही नाही.

"माझी भीती जाईल का ग याने?" बहिणीने विचारले.

"उंदराचे लगेच माणसाला लावू नये, आई. माझ्या पाच वर्षांत तर औषध निघणार नाही."

बहीण थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "जा." त्याच आठवड्यात स्थळ घेऊन आलेल्या पाहुण्यांना तिने चहा पाजून परत पाठविले.