आमची जुनी मोटार

मोटार विकत घ्यावी असा विचार आमच्या मनांत कधीं आलाच नसता. परंतु २०१५ सालच्या पावसाळ्यांत आमच्या वडिलांच्या गुडघ्यांनीं एस. टी.च्या पायऱ्या चढण्याचें साफ नाकारलें, आणि पन्हाळा तालुक्यांतील आमच्या खेड्याहून त्यांस दर पंधरवड्यास औषधोपचाराकरितां कोल्हापुरास आणावें कसें, हा प्रश्न उभा राहिला. नवी मोटार शिक्षकाच्या वेतनांत बसणारी नव्हती. शोध करितां करितां एका गृहस्थांच्या गोठ्यांत ताडपत्रीखालीं उभी असलेली १९८९ सालची डिझेलवर चालणारी अँबॅसॅडर आमच्या दृष्टीस पडली. रंग मूळचा पांढरा असावा. टपावर कोंबड्यांचें वास्तव्य होतें. किंमत पंचेचाळीस हजार रुपये.

ज्या बालवाचकांनीं ही गाडी केवळ चित्रपटांतच पाहिली असेल त्यांच्याकरितां सांगतों कीं, इंग्लंडांतील मॉरिस ऑक्सफर्ड गाडीवरून बेतलेली ही मोटार कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथें पन्नासांहून अधिक वर्षें तयार होत असे; २०१४ सालीं तेथील काम थांबलें. १९८०च्या सुमारास तींत १,४८९ घनसेंटिमीटरचें डिझेल इंजिन बसूं लागलें. आमची गाडी त्या वंशांतली.

व्यवहाराच्या दिवशीं आम्ही पोहोंचलों तेव्हां इंजिन आधींच सुरू करून ठेविलेलें होतें. ‘केवढी ही तत्परता!’ असें आम्हांस वाटलें. जुनें डिझेल इंजिन नेहमीं थंड असतांना आपल्या समक्ष सुरू करवून पाहावें, हें शहाणपण आम्हांस दुसऱ्या दिवशीं सकाळीं, आमच्याच दारांत, शेजाऱ्यांच्या देखत प्राप्त झालें. पाऊण तास खटपट केल्यावर ती एकदांची सुरू झाली आणि गल्ली पांढऱ्या धुरानें भरून गेली.

उद्यमनगरांतील एका मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनीं सिलिंडर तापविणारे चार हीटर प्लग तपासले. तीन जळालेले निघाले. नोझल काढून दाबावर लावून पाहिलीं, तों फवाऱ्याऐवजीं पिचकारी उडाली. कामाच्या ओघांत ते आम्हांस धुराची भाषाही शिकवूं लागले. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा म्हणजे इंजिनांत ऑइल जळतें आहे. पांढरा म्हणजे डिझेल न जळतांच बाहेर पडतें आहे, किंवा त्याहून वाईट, पाणी आंत शिरलें आहे. ऑइल बदलल्यावर दुसऱ्याच दिवशीं तें डांबरासारखें काळें झालेलें पाहून आम्ही घाबरून त्यांच्याकडे धांवलों. ते हंसून म्हणाले, “मास्तर, डिझेलचं ऑइल काळं झालं न्हाई तर या. मग काळजी करू.”

इतकें शिकल्यावर आम्हांस आपण जाणते झालों असें वाटूं लागलें. मनुष्य फसतो तो याच टप्प्यावर. डिझेलची पातळी दाखविणारा कांटा बंद होता; तो दुरुस्त करण्याचें आम्ही आज-उद्यां करीत राहिलों.

डिसेंबर महिन्यांत गगनबावड्यास बहिणीकडे बारसें होतें. परत निघावयास रात्रीचे नऊ वाजले. मागें वडील, कुटुंब, आणि तेव्हां सहावींत असलेली आमची कन्या. कळ्याच्या बऱ्याच अलीकडे, दोहों बाजूंस उंसाशिवाय कांहीं नाहीं अशा जागीं, गाडीनें तीन-चार आचके दिले आणि ती निमूटपणें उभी राहिली. टाकी कोरडी! सुदैवानें पाठीमागें पांच लिटरचा डबा होता. तो ओतला आणि चावी फिरविली. इंजिन फिरे, परंतु पेट घेईना. पुन्हां फिरविली, पुन्हां तेंच. दिवे मंद होऊं लागले. थंडी मी म्हणत होती, आणि रस्त्यावर एकही वाहन येईना.

इतक्यांत मागून वडिलांचा आवाज आला. “आरं, चावी सोड. बॅटरी मारशील. हवा धरलीया तिनं.”

पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी असते. डिझेलच्या इंजिनांत ती नाहींच. सिलिंडरांत हवा वीसपटीहून अधिक दाबली जाते, दाबामुळें ती पांचशें अंशांच्याही वर तापते, आणि तींत डिझेलचा बारीक फवारा पडतांच तें आपोआप पेटतें. रूडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्यानें १८९७ सालीं आऊग्सबुर्ग येथें असें इंजिन यशस्वीपणें चालवून दाखविलें. हें सारें आम्ही वर्गांत फळ्यावर काढून दाखवीत असूं. परंतु टाकी रिकामी झाली म्हणजे नळ्यांत हवा शिरते, मग पंपाचा सारा जोर तो बुडबुडा दाबण्यांतच खर्च होतो आणि नोझल उघडतच नाहीं, हें आमच्या ध्यानींमनींही नव्हतें.

वडील दाराचा आधार घेत उतरले. मोतीबिंदूमुळें त्यांस रात्रीं धड दिसत नसे. कन्येनें मोबाईलचा उजेड धरिला होता. त्याकडे त्यांचें लक्षही नव्हतें. “टाकीची नळी कुठनं येतीया?” एवढेंच त्यांनीं विचारिलें, आणि मग ती नळी बोटांनीं चांचपीत ते फीड पंपापर्यंत, तेथून फिल्टरपर्यंत, तेथून मोठ्या पंपापर्यंत गेले. असें इंजिन त्यांनीं जन्मांत उघडलेलें नव्हतें. फिल्टरवरचा स्क्रू आम्हांकडून सैल करविला, आणि फीड पंपाची हातदांडी स्वतः हलवूं लागले. आधीं नुसता फेस आला. बऱ्याच वेळानें स्वच्छ डिझेल वाहूं लागलें, तेव्हां स्क्रू आवळविला. मग पंपावरचा. मग चारही नोझलांचे नट अर्धा अर्धा फेरा सैल करून आम्हांस चावी फिरवावयास सांगितलें. डिझेल टपकूं लागलें तसतसा एकेक नट आवळला. तिसरा आवळतांच इंजिननें एक ठोका दिला; चौथ्यास तें सुरू झालें.

वडिलांनीं आमच्या हातांतील धुतलेला रुमाल घेऊन हात पुसले, आणि तेव्हां आम्हांस १९८४ साल आठवलें. आम्ही याच शाळेंत आठवींत होतों आणि बोर्डिंगांत राहत होतों. वडील गांवच्या विहिरीवर पांच अश्वशक्तीचें ऑइल इंजिन चालवीत. पहांटे तीन वाजतां उठून हँडल मारीत. पारितोषिक-समारंभास ते थेट मळ्यांतूनच आले. भूगोलाचें बक्षीस आमचें होतें. फाटकापाशीं आम्हीं त्यांच्या हातांकडे पाहिलें आणि म्हटलें, “आधीं हात धुवून या.” ते म्हणाले, “धुतल्यातच की.” बोटांच्या रेघांत मुरलेलें तेल पाण्यानें जात नाहीं. आम्हीं त्यांस मंडपांत अगदीं मागच्या बांकावर नेऊन बसविलें, आणि कोणा मित्रानें विचारिलें तेव्हां आमच्या गांवचे कोणी गृहस्थ आहेत असें सांगितलें. वडिलांस तें ऐकूं गेलें होतें किंवा नाहीं हें आम्हीं त्यांस आजतागायत विचारलेलें नाहीं. त्या रात्रींही विचारिलें नाहीं. घरीं पोहोंचेपर्यंत ते गाडीचा आवाज ऐकत बसले होते.

पुढच्याच आठवड्यांत आम्हीं कांटा दुरुस्त करून घेतला. शिकणें मात्र आतां रविवारीं, अंगणांत, वडिलांच्या देखरेखीखालीं चालतें. फिल्टरच्या तळाशीं सांचलेलें पाणी काढावें, रेडिएटर गार असतांनाच उघडावा, ऑइलची पातळी सपाट जागीं पाहावी, इतपत कामें आम्हांस येतात. मोठें काम निघालें कीं उद्यमनगर आहेच. कन्या आतां महाविद्यालयांत आहे. जुन्या डिझेल गाड्यांचा धूर लोकांच्या फुप्फुसांत जातो असें तिचें म्हणणें, आणि तें खोटें नाहीं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१५ सालीं दिल्लींत दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांस मनाई केली ती याच कारणानें. म्हणून काळा धूर दिसतांच नोझल तपासून घेतों, आणि वडिलांच्या औषधाच्या फेऱ्यांखेरीज गाडी फारशी बाहेर काढीत नाहीं. २०२४ सालीं पर्यावरण कर भरून नोंदणी आणखी पांच वर्षांकरितां वाढवून घेतली.

वडिलांस आतां खालीं बसवत नाहीं. ते गाडीच्या मागच्या सीटवरूनच ऐकतात. गेल्या रविवारीं टकटक आवाज येतांच म्हणाले, “दुसऱ्याचं टॅपेट ढिलं झालंय.” कन्येनें इंजिन बंद करून झांकण काढलें, फिलर गेज घालून पाहिलें. दुसरें अगदीं बरोबर होतें. सैल निघालें तें तिसरें. तिनें तसें सांगितलें.

“मग?” वडील म्हणाले. “मी मागं बसलोय. मागनं मोजलं.”