कोरडा रस्ता, ओला रस्ता

फेरारी एफ४०च्या दाराला आतून हँडल नाही. बाहेर पडायचं तर एक केबल ओढायची. पायाखाली गालिचा नाही, समोर रेडिओ नाही. सुरुवातीच्या काही गाड्यांना काच खाली-वर करायचीसुद्धा सोय नव्हती; प्लास्टिकची सरकती खिडकी, तीत हात घालून काय ती हवा घ्यायची. पॉवर स्टिअरिंग नाही, ब्रेकला बूस्टर नाही, एबीएस नाही. वजनाच्या धाकानं रंगही इतका पातळ मारलेला, की उन्हात जरा वाकून बघितलं तर लाल रंगाखालचं कार्बन आणि केव्हलारचं विणकाम दिसतं. पैसे मात्र राजवाड्याचे.

२१ जुलै १९८७ रोजी इटलीतल्या मारानेल्लो गावात या गाडीवरचं कापड बाजूला झालं, तेव्हा एन्झो फेरारी ८९ वर्षांचे होते. कंपनीची चाळीस वर्षं म्हणून नावात चाळीस. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ते गेले. त्यांच्या हयातीत, त्यांच्या होकारानं निघालेली ही शेवटची नवी फेरारी.

१९८७ सालीच आल्प्सच्या पलीकडे, श्टुटगार्टमध्ये, पोर्शे ९५९ गिऱ्हाइकांच्या हाती पडू लागली. तिच्यात सगळं होतं. कातडी आसनं, एअरकंडिशनर, पॉवर स्टिअरिंग, एबीएस. चारही चाकांना ताकद. चाकांचे मॅग्नेशियमचे आरे पोकळ, आणि टायरमधली हवा कमी झाली तर चालकाला कळवणारी यंत्रणा. गाडीची जमिनीपासूनची उंची १२ सेंटिमीटरवरून १५ आणि १८ पर्यंत नेता येई. आणि स्टिअरिंगजवळ एक छोटी दांडी. मला या गाडीतली सगळ्यात गोड वाटणारी गोष्ट ती दांडी. तिला चार जागा: कोरडा रस्ता, ओला रस्ता, बर्फ, आणि गाडी रुतलीच तर बाहेर काढण्यासाठी चौथी. चालकानं बाहेर बघायचं, रस्ता कसा आहे ते ठरवायचं आणि दांडी त्या जागी सरकवायची. पुढच्या चाकांना किती ताकद द्यायची आणि मागच्यांना किती, हे मग गाडी पाहून घेई. एरवी पुढे ४० टक्के, मागे ६०. कोरड्या रस्त्यावर जोरात पाय दाबला की मागे ८० टक्क्यांपर्यंत.

म्हणजे इतक्या हुशार यंत्राला एक गोष्ट माणसाला विचारावी लागत होती. बाहेर पाऊस आहे का?

दोन्ही गाड्या एकाच घरातून निघाल्या आहेत, आणि ते घर मोडलं. १९८०च्या दशकात रॅलीच्या शर्यतींत ‘ग्रुप बी’ नावाचा वर्ग होता. नियम सोपा: २०० गाड्या बनवा आणि मग जवळजवळ हवं ते करा. पोर्शेनं १९८३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ९५९चा पहिला आराखडा मांडला तो या वर्गासाठी. फेरारीची २८८ जीटीओ त्याच वर्गाकडे डोळे लावून बनली होती, आणि तिच्या पुढच्या, अधिक रासवट प्रयोगातून एफ४० निघाली. पण मे १९८६ मध्ये कॉर्सिकाच्या डोंगरात हेन्री तोइवोनेन आणि त्याचा सहचालक सर्जियो क्रेस्तो यांची गाडी रस्ता सोडून खाली गेली आणि जळाली. वर्षअखेर ग्रुप बी बंद. लग्नाचा हॉल रद्द झाला आणि दोन्हीकडचे वऱ्हाडी नटूनथटून रस्त्यावर उभे, तशी या दोन गाड्यांची गत झाली. एकीनं मग ठरवलं की कुठल्याही रस्त्यावर नांदायचं. दुसरीनं ठरवलं की आपण शर्यतीसाठीच जन्मलो, शर्यत असो वा नसो.

पोर्शेवाल्यांची कुठल्याही रस्त्यावर नांदायची भाषा पोकळ नव्हती. जानेवारी १९८६ मध्ये ९५९ पॅरिस-डकार रॅलीत वाळवंट तुडवून पहिली आणि दुसरी आली. पहिल्या गाडीत रेने मेत्झ, दुसऱ्या गाडीत जॅकी इक्स. त्याच वर्षी जूनमध्ये तिचीच शर्यतीची बहीण, ९६१, ल मान्सच्या २४ तासांत एकूण सातवी. सहाराची वाळू आणि ल मान्सचं गुळगुळीत डांबर, एका वर्षात, एकाच घराण्यानं. असं दुसरं उदाहरण मला तरी चटकन आठवत नाही.

आमच्याकडे या गाड्या आल्या त्या फ्लॉपीवरून. १९८९ साली अमेरिकेतल्या अकोलेड कंपनीनं ‘द ड्युएल: टेस्ट ड्राइव्ह २’ हा खेळ काढला आणि त्यात नेमकी हीच जोडी समोरासमोर उभी केली. पुण्यात तेव्हा गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघत होते. आमचे सर जेवायला गेले की हा खेळ सुरू व्हायचा. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, मागे पोलीस, आणि कॉम्प्युटरच्या पोटातल्या चिमुकल्या स्पीकरमधून इंजिनाच्या नावाखाली डास गुणगुणल्याचा आवाज. बाहेर रस्त्यावर मारुती ८०० म्हणजे प्रगती होती. माझा एक मित्र नेहमी ९५९ घ्यायचा. मी एफ४०. त्याचं म्हणणं, आकडे बघ. पण आकडे बघूनही भांडण मिटत नसे. ९५९चं इंजिन २.८५ लिटरचं, ताकद ४५० अश्वशक्ती, कमाल वेग ताशी ३१७ किलोमीटर. एफ४०चं २.९ लिटर, ४७८ अश्वशक्ती, ३२४ किलोमीटर. मुख्य फरक वजनाचा. पोर्शे साधारण साडेचौदाशे किलोची, फेरारी तेल-पेट्रोलाशिवाय अकराशेच्या आसपास. मित्र म्हणायचा, ‘‘अरे, ते साडेतीनशे किलो म्हणजे अक्कल आहे.’’

तो आता श्टुटगार्टला असतो. चालकाच्या आधी ब्रेक मारणारी प्रणाली लिहिणाऱ्या एका कंपनीत. सुचलं असेल त्याला तेव्हाच.

मागच्या मुक्कामात त्यानं मला झुफनहाउझनच्या पोर्शे संग्रहालयात नेलं. लोकल संग्रहालयाच्या दारातच उतरवते. नंतर एकटा मोडेनामार्गे मारानेल्लोलाही जाऊन आलो. दोन्ही गाड्या दोरीपलीकडून बघितल्या. चालवली यातली एकही नाही, आणि चालवीन असा योगही दिसत नाही. म्हणून हे जे लिहितो आहे ते चालकाचं नाही, टक लावून बघणाऱ्याचं आहे. टक लावणाऱ्यालाही काही कळतं. ९५९ जवळून बघितली तर तिचा आकार साबणाच्या फेसासारखा हाताला लागेल असं वाटत नाही; कडा कुठे संपते ते ठरवता येत नाही. एफ४० मात्र सगळी भोकं आणि फटी. हवा आत घ्यायच्या, हवा बाहेर सोडायच्या, मागच्या पारदर्शक झाकणालाही चिरा, म्हणजे इंजिनाची उष्णता निघून जावी. सौंदर्य म्हणून कुणी ठेवलेली एकही रेघ तिच्यात नाही, आणि तरी तिला आकार देणाऱ्या पिनिनफरिनाच्या हातून ती बिघडली नाही.

खरा फरक इंजिनात ऐकायला मिळतो म्हणतात. दोन्हींत दोन-दोन टर्बो. टर्बो म्हणजे बाहेर पडणाऱ्या तप्त धुरावर फिरणारी चक्की. ती फिरली की इंजिनात जास्त हवा कोंबते, जास्त हवेत जास्त पेट्रोल जळतं. अडचण एवढीच की चक्कीला वेग घ्यायला वेळ लागतो. पाय आत्ता दाबला, ताकद नंतर आली. पोर्शेनं यावर तोड काढली ती अशी, की कमी फेऱ्यांवर सगळा धूर एकाच टर्बोकडे वळवायचा म्हणजे तो लवकर जागा होतो, आणि इंजिनानं चार हजारांच्या वर फेऱ्या घेतल्या की दुसऱ्यालाही कामाला लावायचं. चालकाला सांधा जाणवू नये अशी ती व्यवस्था. फेरारीत दोन्ही टर्बो एकदमच. खालच्या फेऱ्यांवर गाडी कंटाळल्यासारखी चालते, काटा चढत जातो, आणि मग पाठीवर जे बसतं त्याला चालवणारे लोक सरळ ‘लाथ’ म्हणतात.

ट्रॅकवर या लाथेचं काही वाटत नाही. कारण ट्रॅकवर वळण तेच असतं. आत्ता गेलं, पुन्हा दोन मिनिटांनी येणार. कुठे पाय उचलायचा, कुठे दाबायचा म्हणजे ताकद नेमकी वळण सरळ होताना पोचेल, याचा हिशेब चालक फेरीगणिक घोटून घेतो. एफ४० ही अशा घोटणाऱ्याची गाडी आहे. तिला तुमच्याकडून तयारी हवी. तिचा ब्रेक पायाच्या जोरावर लागतो, तितकाच लागतो, आणि चाक जाम होण्याच्या आधीचा तो केसभर क्षण तुमचा तुम्हालाच ओळखायचा असतो. रस्त्यावर हे चालत नाही. रस्त्यावर प्रत्येक वळण पहिल्यांदाच येतं. कालचंच वळण असलं तरी आज तिथे सांडलेलं डिझेल आहे, किंवा ट्रॅक्टर आहे, किंवा कुणाचं तरी पोर सायकल शिकतंय. ९५९ बनवणाऱ्या हेल्मुट बोट यांच्या माणसांनी हे ओळखलं होतं. त्यांनी गाडीत घातलेली प्रत्येक गोष्ट न दिसणाऱ्या वळणासाठी आहे.

या दोन्हींच्या मधली एक जागा जगात आहे, आणि मित्रानं मला तिथेही नेलं. न्युर्बुर्गरिंगचा उत्तरेचा फेरा, नॉर्डश्लाइफ. १९२७ साली आयफलच्या डोंगरात बांधलेला, २०.८ किलोमीटर लांब, सत्तरहून जास्त वळणं, चढउतार तीनशे मीटरचा. शर्यतपटू जॅकी स्ट्युअर्टनं याला हिरवा नरक म्हटलं. १९७६ साली निकी लाउडा इथेच जळता जळता वाचला. आणि ठरलेल्या दिवशी तिकीट काढलं की कुणीही आपली गाडी घेऊन आत जातो. त्या वेळी हा ट्रॅक नसतो, एकेरी वाहतुकीचा टोल रस्ता असतो. जर्मनीचे वाहतूक नियम लागू, उजवीकडून ओव्हरटेक केलं तर गुन्हा. शर्यतीच्या थाटाची गाडी आणि मागे लहान मुलाची खुर्ची बांधलेली स्टेशन वॅगन, एकामागोमाग एक.

आम्ही गेलो ती स्टेशन वॅगनच. तिकीटखिडकीपाशी लख्ख ऊन होतं. फुक्सरोरच्या उतारावर झाडांखाली रस्ता काळा पडलेला, आणि पुढे कारुसेलच्या काँक्रीटच्या वाटीत शिरेपर्यंत वायपर चालू. इथे एकाच फेरीत हवा बदलते, हे ऐकलं होतं. मित्र शांतपणे चालवत होता. एका वळणावर गाडी किंचित पुढे घसरल्यासारखी झाली, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकला, कुठल्यातरी एका चाकाला कुणीतरी हलकेच धरलं, आणि आम्ही वळलो. मित्रानं काही केलं नव्हतं. मी म्हटलं, ‘‘तुझी ९५९.’’ तो म्हणाला, ‘‘सगळ्यांचीच आता.’’

हे त्याचं बरोबर आहे. टायरमधली हवा मोजणं, घसरणारं चाक ओळखणं, ताकद चार चाकांत वाटणं, सस्पेन्शन वेगानुसार बदलणं, हे सगळं ९५९नं आणलं किंवा पहिल्यांदा इतकं नीट जमवलं, आणि आज ते बाजारहाट करायच्या गाडीत असतं. पोर्शेला त्या गाड्यांत तोटाच झाला. तीनशेच्या आसपासच बनल्या. अमेरिकेत धडक-चाचणीला गाड्या द्यायला कंपनी तयार नव्हती म्हणून बिल गेट्सची ९५९ दहा वर्षांहून जास्त काळ कस्टमच्या ताब्यात पडून राहिली. तिचं जे जे चांगलं होतं ते सगळ्यांनी घेतलं, आणि ती स्वतः थोडी पुसट झाली. संग्रहालयात तिच्यासमोर उभ्या पोरांना तिच्यात विशेष काय ते सांगावं लागतं. एफ४०चं कुणीच काही घेतलं नाही. घेण्यासारखं होतं काय, केबलचं हँडल? चारशे बनवायच्या ठरल्या होत्या, मागणी थांबेना म्हणून तेराशेवर गेल्या. तिच्यासमोर कुणाला काही सांगावं लागत नाही.

रिंगवरून बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये कॉफी पिताना आमचं जुनं भांडण पुन्हा निघालं. मी त्या दांडीचं कौतुक करत होतो. त्याला ती दांडी हा दोष वाटतो. ‘‘अरे, माणूस पाऊस आला की ‘ओला’वर टाकतो आणि ऊन पडलं की विसरतो. माणसाला विचारूच नये.’’ मला वाटतं, विचारावं. पाऊस आहे का, एवढं तरी विचारावं, म्हणजे चालवणारा बाहेर बघत राहतो. त्या दिवशी तो दिवा लुकलुकला तेव्हा रस्ता ओला आहे हे मला दिव्यानं सांगितलं, रस्त्यानं नाही, हे मला आवडलेलं नाही. आणि त्या दिव्याशिवाय आम्ही कदाचित कुंपणात असतो, हेही मला मान्य आहे.

‘‘मग फुकट मिळाली तर कुठली घेशील?’’ त्यानं विचारलं. मी म्हटलं, एफ४०, पण हवामानाचा अंदाज बघून, रस्ता सुकल्यावर, रविवारी सकाळी. तो हसला. ‘‘म्हणजे सोवळ्यातली गाडी. आणि इतर दिवशी?’’

इतर दिवशी त्याची ९५९, आषाढात, वरंध्याच्या घाटात, १८ सेंटिमीटरवर उचललेली. पण दांडी मी हलवणार. त्याला ते मंजूर नव्हतं, आणि तोवर पाऊस पुन्हा सुरू झाला म्हणून आम्ही गाडीत जाऊन बसलो. वायपर आपोआप चालू झाले.